परत मागितलेलं वाण

माझा आवाज चढला की वॉचमनच्या खुर्चीखाली झोपलेलं कुत्रं उठून दुसऱ्या बिल्डिंगला जातं, असं माझा नवरा येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत असतो. सांगू दे. विद्यापीठात केमिकल इंजिनिअरिंग शिकवते मी. मागच्या बाकावर मोबाइलमध्ये तोंड खुपसून बसलेल्या पोरांपर्यंत पोचायचं तर आवाज लागतो. पण त्या वर्षीच्या हळदीकुंकवाला माझा जो आवाज चढला, त्याची सर पुढे कशालाच आली नाही. आता आठवलं की हसू येतं. तेव्हा मात्र नव्हतं आलं.

माझ्याकडे तेव्हा एक मुलगी पीएचडी करत होती. तेलुगू घरातली, वरंगलकडची. बोलणं मोजकं आणि कामाला वाघ. आमच्या हैदराबादेत चिंचेशिवाय चूल पेटत नाही, त्यामुळे चिंचोक्यांचे ढीग असेच फुकट जातात. ह्या मुलीने चिंचोक्यांचं पीठ आणि एक साधी माती एकत्र भाजून त्याचे बारीक दाणे केले होते. कोथिंबीर, पुदिना, मोगऱ्याचा गजरा, सगळं सुकायला लागलं की त्यातून एक वायू निघतो आणि तो वायू शेजारच्यांनाही सुकवतो. हे दाणे तो वायू पिऊन टाकायचे. मलमलच्या छोट्या पोटलीत दाणे भरायचे, पोटली पुदिन्याच्या डब्यात टाकायची, बस्स. बाजारातून आणलेला पुदिना दुसऱ्या दिवशी मान टाकतो, तो आमच्या डब्यात आठवडाभर ताठ उभा असायचा. मी तर खूश होऊन रोज झाकण उघडून बघायची.

पण ही मुलगी खूश व्हायला घाबरत होती, आणि त्याला कारण होतं. ह्याच्या आधी ती दुसऱ्याच एका मिश्रणावर राबली होती. काम संपत आलं, पेटंट घ्यावं म्हणून जगभरातले जुने अर्ज चाळायला घेतले, तर कुठल्याशा देशात कुणीतरी तेच मिश्रण आधीच नोंदवून बसलेलं. ती स्क्रीनसमोर बसली ती उठेचना. मग हळूच म्हणाली, "मॅडम, मैं घर जाती." मी तिला चहा पाजला, रागावले, समजावलं, पुन्हा रागावले. ती राहिली. तिने पहिल्यापासून सगळं सुरू केलं आणि त्यातून हे चिंचोक्यांचे दाणे निघाले. ह्या वेळेला अर्जात शोध लावणाऱ्यांच्या नावांत पहिलं नाव तिचं जाणार होतं. हेही हातचं गेलं असतं तर ती खरंच बॅग भरून घरी गेली असती, हे मला पक्कं ठाऊक होतं.

पेटंटचा एक नियम फार आडमुठा आहे. अर्ज करायच्या आधी वस्तू चारचौघांत आली की ती सगळ्यांची झाली. मग ती तुम्हीच घडवलेली असली, तुमची झोप त्यात गेलेली असली, तरी कुणी विचारत नाही. आमचा अर्ज गुरुवारी जायचा होता, कारण विद्यापीठातल्या ज्या साहेबांची सही लागायची ते तोवर दौऱ्यावर होते. तोपर्यंत तोंडाला कुलूप. त्यात नेमकं त्याच आठवड्यात लॅबमध्ये रंगकाम निघालं. रंगाचा वास हे दाणे असे पितात की मग कामाचे उरत नाहीत. म्हणून मुलीने तयार पोटल्यांचा स्टीलचा डबा माझ्या घरी आणून ठेवला. ती आली तेव्हा सासूबाई दुपारच्या झोपेत होत्या. डबा मी स्वतःच्या हाताने फ्रिजमध्ये मागे सरकवला.

आता सासूबाई. त्या पुण्याच्या, मी इथली. माझ्या माहेरची शेती जुन्या हैदराबाद संस्थानातली, त्यामुळे आमच्या मराठीत 'हौ' आणि 'नक्को' घरच्यासारखे वावरतात. सासूबाईंना ते सोसत नाही. "अगं, हो म्हण. हौ काय, हौ?" असं त्या मला लग्नापासून ऐकवत आल्या आहेत. सासरे गेले आणि त्या आमच्याकडे विद्यानगरला राहायला आल्या. दर संक्रांतीला आमच्याकडे मराठी मंडळातल्या बायका हळदीकुंकवाला जमतात, आणि दर वर्षी पहिली बाई आली की सासूबाई उठून आतल्या खोलीत जाऊन दार लोटून बसायच्या. त्यांना कुणी जा म्हणत नव्हतं. पण त्या जायच्या, आणि बाहेर आम्ही हसत-खिदळत असलो की मला ते लोटलेलं दार टोचायचं.

त्या वर्षी मी ठरवलं की हे बास. म्हटलं, "आई, ह्या वर्षी वाण तुमच्या हातून द्यायचं."

"काहीतरीच काय! लोक काय म्हणतील?"

"लोकांना गरम चहा मिळाला की लोक काही म्हणत नाहीत."

आठवडाभर नाही-नाही चाललं. मग एका सकाळी बघते तर त्यांनी मोतिया रंगाची साडी इस्त्रीला काढलेली. मी बघून न बघितल्यासारखं केलं, उगाच पुन्हा बिनसायला नको.

हळदीकुंकू रविवारी होतं. वाण म्हणून मी सुलतान बाजारातून चहाच्या गाळण्या आणल्या होत्या. चांगल्या स्टीलच्या, घासाघीस करून. आणि त्या गाडीच्या डिकीतच राहिल्या. गाडी घेऊन मी दुपारी पेटंटच्या वकिलांकडे गेले, अर्जातली शेवटची वाक्यं पक्की करायला. फोन बंद करून ठेवला. आमच्या वकिलांना शब्दांचा कीस पाडायची भारी हौस, त्यात उशीर झाला. बिल्डिंगखाली गाडी लावली तर लिफ्टमधून आमच्या मंडळातल्या दोघी-तिघी बाहेर पडत होत्या. नटलेल्या, केसांत गजरे, खूश. आणि प्रत्येकीच्या हातात मलमलची एक पांढरी पोटली, तिला लाल दोरा, दोऱ्याला नंबराची चिठ्ठी.

त्या आमच्याच पोटल्या होत्या. त्या "काय गोड वाण हो!" म्हणेपर्यंत मी जिन्याने वर धावत सुटले होते.

घरात अजून चारपाच जणी तिळगूळ खात बसल्या होत्या. मधोमध सासूबाई, मोतिया साडीत. इतकं फुललेलं तोंड मी त्यांचं कधी बघितलं नव्हतं. मला बघून म्हणाल्या, "आलीस? अगं, तुझा फोन लागेना, वाण कुठे ठेवलंस ते कळेना. मग फ्रिजमध्ये डबा सापडला. किती सुबक आणलंस गं! कपाटात ठेवायच्या आहेत ना, कपड्यांत? तसंच सांगितलं मी सगळ्यांना. आणि लकी ड्रॉची कल्पनाही छान. म्हटलं, नंबर जपून ठेवा, कुणी सोडायची नाही पोटली. सून आली की सोडत काढेल!"

चिठ्ठीवरचे नंबर म्हणजे कुठल्या पोटलीत माती किती आणि ती किती भाजली, त्याचे होते. पण आमच्या मंडळात लकी ड्रॉशिवाय एक कार्यक्रम पार पडत नाही, त्यामुळे त्यांनी लावलेला अर्थ त्यांच्या जागी बरोबरच होता. हे मला आता सुचतंय. तेव्हा मी ओरडले.

"आई! काय केलंत हे! त्या पोरीचं वाटोळं केलंत तुम्ही!"

तिळगूळ चावायचे आवाजसुद्धा थांबले. सासूबाईंचं तोंड आधी काही कळेना असं झालं, मग उतरलं. त्यांनी हातातली कुंकवाची कोयरी ताटात ठेवली, पदर सावरला आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. दार लोटलं. बसलेल्या बायकांच्या हातातल्या पोटल्या मी गयावया करून काढून घेतल्या. बाकीच्या मात्र हैदराबादभर पांगल्या होत्या.

वकिलांना फोन लावला. ते आधी बराच वेळ "अरे देवा" म्हणत राहिले. मग त्यांनी विचारलं, "काय म्हणून दिल्या?"

"कपाटात ठेवायची पोटली म्हणून."

"खरा उपयोग कुणाला सांगितला?"

"त्यांनाच माहीत नाही, तर सांगणार काय!"

तेव्हा त्यांचा आवाज जरा मऊ झाला. म्हणाले, "पोटली कुणी सोडली नसेल आणि सगळ्या परत आल्या, तर मी सांभाळून घेतो. पण मंडळाच्या ग्रुपवर एक अक्षर लिहायचं नाही. आणि कारणही सांगायचं नाही. कारण सांगितलंत की सगळं सांगितल्यासारखंच आहे."

मुलगी हॉस्टेलवरून आली. डिकीत राहिलेल्या गाळण्यांपासून वकिलांच्या फोनपर्यंत काय झालं ते मी सांगितलं. रडेल, चिडेल, असं वाटलं होतं मला. ती जेवणाच्या टेबलाशी बसली, रिकामा डबा मांडीवर घेतला आणि एवढंच म्हणाली, "फिर से, मॅडम?"

त्या दोन शब्दांनी माझा सगळा राग विझला. मागे वळून बघितलं तर आतल्या खोलीचं दार उघडं होतं आणि सासूबाई तिथे उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्या मुलीकडे बघत राहिल्या आणि आत वळल्या.

सकाळी मी चहा टाकायला उठले तर सासूबाई अंघोळ करून, वेणी घालून तयार. खांद्याला पिशवी. "गाळण्या वर आण," म्हणाल्या.

"आई, तुम्ही राहू द्या. मी आणि ती जातो."

"दिलं मी. मागणार मीच. तू गाडी चालव."

वाण परत मागायचं म्हणजे काय, हे ज्या घरात हळदीकुंकू होतं त्यांनाच कळेल. दिलेलं वाण परत मागायला गेलेली बाई मी तोवर ऐकलीसुद्धा नव्हती. त्यात सासूबाईंनी इतक्या वर्षांत पहिल्यांदाच आपल्या हाताने दिलेलं. आणि मागायचं तेही कारण न सांगता! मी गाडी चालवत होते आणि मनातल्या मनात शरमेने मरत होते. मागच्या सीटवर ती मुलगी डबा धरून बसली होती.

पहिल्या घरी सासूबाईंनी हसून सांगितलं, "अहो, माझा वेंधळेपणा. दुसरंच काहीतरी देऊन बसले काल. हे घ्या खरं वाण." गाळणी पुढे केली. पोटली आली, न सोडलेली, चिठ्ठीसकट. "म्हणजे ड्रॉ नाही का हो?" त्या घरच्या बाईने पडेल चेहऱ्याने विचारलं. दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी एक फटकळ बाई म्हणाल्या, "परत मागताय? आमच्या कुंकवाला काही अपशकुन नाही ना व्हायचा?" हा टोमणा कुणाला होता ते कळायला वेळ लागला नाही. माझी जीभ सळसळली. सासूबाईंनी माझा हात घट्ट दाबला, "काही होत नाही हो, औक्षवंत व्हा," म्हणाल्या आणि पोटली पिशवीत टाकली. गाडीत बसल्यावर मी त्या बाईच्या नावाने जे काही बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. मुलीला मराठी येत नव्हती, पण तिलाही सगळं समजलं.

एक गोष्ट मात्र घरोघरी दिसत होती. पोटली कुणीच सोडली नव्हती. ड्रॉच्या आशेने सगळ्यांनी ती चिठ्ठीसकट जपली होती. कुणी दागिन्यांच्या डबीत, कुणी कपाटाच्या चोरकप्प्यात. ज्या चुकीने घात केला तिनेच पोटल्या राखल्या होत्या. दुपारपर्यंत डबा भरत आला. एकच राहिली, हिमायतनगरच्या काकूंची.

ह्या काकू म्हणजे आमच्या मंडळाचं हायकोर्ट. चार पिढ्या हैदराबादेत, सुलतान बाजारात कापडाचं दुकान, आणि तोंडात अर्धी मराठी नि अर्धी दख्खनी. त्यांनी सरबत दिलं, सगळं ऐकून घेतलं, गाळणी उलटसुलट बघितली आणि परत सासूबाईंच्या हातात ठेवली.

"हे नक्को मला. पोटली मी देवापुढे ठेवली आहे. परत नाही द्यायची."

"अहो ताई, चुकून दिली गेली हो."

"चुकून कसं? मी पाहिलं ना. तुम्ही इतकी वर्षं आतल्या खोलीत बसायच्या. काल पहिल्यांदा बाहेर बसल्या, हाताने वाण दिलं. मला इतकं बरं वाटलं, घरी येऊन सरळ देवापुढे ठेवली. आणि आता काय झालं? सुनेने ओरडा केला म्हणून परत घेता?" असं म्हणून त्यांनी माझ्याकडे जे बघितलं, त्याने मी सरबताचा पेला टेबलावर ठेवून दिला.

सासूबाईंनी गाळणी मांडीवर ठेवली. डोळे भरून आले होते त्यांचे. कारण सांगायचं नव्हतं आणि काकू कारणाशिवाय हलणाऱ्यातल्या नव्हत्या. माझ्या शेजारी मुलगी डब्यावर दोन्ही हात ठेवून बसली होती. तिला शब्द कळत नव्हते, पण एक पोटली अडली आहे एवढं कळत होतं.

मग सासूबाई म्हणाल्या, "ताई, सुनेचा काही दोष नाही. ती पोटली माझी नव्हतीच. ह्या पोरीची आहे. मी तिला न विचारता दिली. दुसऱ्याच्या वस्तूचं वाण देता येत नाही, ते देवाला तरी कसं चालेल? ह्याहून जास्त मला सांगता येत नाही. पण ती परत गेली नाही तर हिचं फार मोठं नुकसान आहे. माझ्यापायी ते नको व्हायला."

काकूंनी मुलीकडे बघितलं. मग उठल्या, देवघरात गेल्या आणि पोटली घेऊन आल्या. तिला हळदीकुंकवाचं बोट लागलं होतं. त्यांनी ती मुलीच्या ओंजळीत ठेवली. "ले बेटा, तेरी चीज है." आणि सासूबाईंना म्हणाल्या, "पण गाळणी मी घेणार नाही. माझं वाण तुमच्याकडे बाकी राहिलं, लक्षात ठेवा."

गुरुवारी साहेबांची सही झाली आणि अर्ज गेला. मुलीने पावतीचा नंबर मला वाचून दाखवला आणि मग ढसाढसा रडली, सगळं साठलेलं. मी घरी येऊन सांगितलं, "आई, झालं. आता खुशाल वाटा. अर्ज गेला की काही हरकत नसते."

"नाही," सासूबाई म्हणाल्या. "कागद येऊ दे."

ह्या बाबतीत त्यांनी माझं, वकिलांचं, कुणाचंच ऐकलं नाही. पेटंटचा कागद यायला किती काळ लागतो हे ज्याने वाट पाहिली त्यालाच विचारावं. परीक्षकांच्या हरकती आल्या, आम्ही उत्तरं दिली, पुन्हा हरकती, पुन्हा उत्तरं. दरम्यान मुलगी डॉक्टर झाली, नोकरीला लागली. घरी फोन केला की माझ्याआधी "अम्मा किधर?" विचारायची. सासूबाई दर संक्रांतीला वाण देत राहिल्या. हो, बाहेर बसून. मला त्यांची मनधरणी मात्र दर वर्षी नव्याने करावी लागली, पण शेवटी त्या बसायच्या. काकूंना दर वर्षी वाण पुढे केलं की काकू हात मागे घ्यायच्या. "आधीचं बाकी आहे," म्हणायच्या. दोघी पक्क्या हट्टी.

गेल्या वर्षी ऐन संक्रांतीच्या दिवसांत मंजुरी आली. मुलगी कागदाची छापील प्रत घेऊन थेट आमच्याकडे आली, सोबत नव्या पोटल्यांचा डबा. सासूबाईंनी चष्मा लावला आणि तो इंग्रजी कागद वरपासून खालपर्यंत वाचला. मुलीच्या नावावर बोट ठेवून तीनदा वाचलं. मग विचारलं, "वाटलेलं चालतं, असं ह्यात कुठे लिहिलंय?" मी कपाळाला हात लावला. मुलगी म्हणाली, "अम्मा, मैं बोलरी ना. बाटो."

लगेच साडी बदलली त्यांनी. तीच, मोतिया. आम्ही तिघी हिमायतनगरला गेलो. काकू आता काठी घेऊन चालतात, पण दार त्यांनीच उघडलं. सासूबाईंनी त्यांना हळदीकुंकू लावलं, तिळगूळ दिला आणि पोटली हातावर ठेवली.

"घ्या. तुमचं बाकी."

काकूंनी पोटली हातात झुलवून बघितली. "उघडू?"

"उघडा की. आता कुणाची चोरी नाही."

काकूंनी लाल दोरा सोडला. तळहातावर तपकिरी दाणे पडले, चिंचोक्यांचेच, ओबडधोबड. काकूंनी हुंगले. चष्मा वर करून पुन्हा हुंगले. "अगं बाई! ह्याला तर वासही नाही. एवढ्याशा चीजेसाठी तुम्ही माझ्या दारात डोळ्यांत पाणी आणून उभ्या होत्या?"

सासूबाईंनी त्या मुलीला दंडाला धरून पुढे ओढलं.

"हौ," त्या म्हणाल्या. "हिच्यासाठी."